परक्या अंथरुणावरची झोंप

‘भुकेला कोंडा आणि निजेला धोंडा’ अशी आपल्याकडे एक जुनी म्हण आहे. खरी भूक लागलेल्याला कोंड्याची भाकर गोड लागते आणि खरी झोंप आलेल्याला उशाला दगड मिळाला तरी पुरतो, असा तिचा भावार्थ. ही म्हण ज्यानें प्रथम काढली तो दिवसभर शेतांत राबणारा आणि रात्रीं आपल्याच ओसरीवर अंग टाकणारा मनुष्य असला पाहिजे. पंधरा-सोळा तास विमानांत आणि विमानतळांवर घालवून, अंग आंबून गेलेल्या स्थितींत परदेशांतील एखाद्या उत्तम हॉटेलांत पोंचलेला, चांगले पैसे मोजून शुभ्र चादरींच्या पलंगावर पडलेला आणि तरीहि पहांटे तीन वाजेपर्यंत छताकडे पाहत राहिलेला प्रवासी कांहीं त्याला भेटला नव्हता.

आगगाडी सुरू झाली तेव्हां आणि त्यानंतरहि कितीतरी वर्षें हा प्रश्न मराठी प्रवाशापुढें फारसा उभा राहत नसे. कारण घराबाहेर पडणारा मनुष्य आपलें अंथरूण बरोबर घेऊनच बाहेर पडे. खालीं सतरंजी, तिच्यावर चादर, एखादें घोंगडें किंवा दुलई आणि मधोमध उशी, असा सारा ऐवज गुंडाळून सुतळीनें आवळला कीं वळकटी तयार होई. पुढें सुतळीच्या जागीं चामड्याचे पट्टे आले आणि वळकटीला होल्डॉल असें भारदस्त नांव मिळालें, तरी आंतला ऐवज तोच राहिला. गाडीच्या फळीवर, धर्मशाळेच्या ओसरीवर, लग्नघराच्या माडीवर, कोठेंहि ती उलगडावी आणि घरच्या पेटींतला वास घेत निजावें. जागा परकी असे, अंथरूण परकें नसे. समुद्र ओलांडणाऱ्याची वळकटी मात्र मागें राहिली. विमानांत सामान किलोकिलोनें तोललें जातें. तेथें गादीउशी कोण नेणार? त्यामुळें आजचा प्रवासी कपडे, औषधें, लोणच्याची बाटली, सारें कांहीं घरचें नेतो आणि आयुष्याचा जवळजवळ तिसरा हिस्सा ज्यावर जावयाचा तें अंथरूण तेवढें जेथें जसें मिळेल तसें पत्करतो.

पहिली रात्र वाईट जाणें हा प्रवाशाच्या स्वभावाचा दोष समजण्याचें कारण नाहीं. झोंपेचा अभ्यास करणाऱ्या शास्त्रज्ञांना हा अनुभव प्रयोगशाळेंतच आला. डोक्याला तारा लावून मेंदूंतील विद्युल्लहरी नोंदण्यासाठीं माणसांना तेथें निजवावें, तर पहिल्या रात्रीचीं टिपणें पुढच्या रात्रींशीं जुळेनात. झोंप उशीरां लागलेली, मधून मधून मोडलेली, आणि स्वप्नें ज्या अवस्थेंत विशेष पडतात ती अवस्था आंखडलेली. अॅग्न्यू, वेब आणि विल्यम्स या तिघां संशोधकांनीं इ. स. १९६६ मध्यें हा प्रकार व्यवस्थित मांडला आणि ‘पहिल्या रात्रीचा परिणाम’ हें त्याचें नांव रूढ झालें. कित्येक प्रयोगांत तेव्हांपासून पहिली रात्र हिशेबांतच धरीत नाहींत.

त्यामागचें रहस्य इ. स. २०१६ मध्यें आणखी थोडें उकललें. अमेरिकेंतील ब्राउन विद्यापीठांत मासाको तामाकी, युका सासाकी आणि त्यांचे सहकारी यांना असें आढळलें कीं, नव्या जागीं पहिल्या रात्रीं मेंदूचे दोन्ही अर्धगोल सारखे गाढ निजत नाहींत. डाव्या अर्धगोलाच्या कांहीं भागांत गाढ झोंपेच्या मंद लहरी उजव्यापेक्षां क्षीण असतात. बाहेर कांहीं खुट्ट झालें तर त्याची दखल डावी बाजू अधिक घेते. आठवड्यानें तींच माणसें पुन्हां त्याच ठिकाणीं निजलीं तेव्हां हा भेद उरला नव्हता. डॉल्फिन हा जलचर अर्ध्या मेंदूनें झोंपतो. थव्याच्या कडेला बसलेलें बदक बाहेरच्या बाजूचा डोळा उघडा ठेवून झोंपतें. मनुष्य इतका पुढें जात नाहीं, पण पाहुण्या जागीं थोडा पहारा तोहि ठेवतो. डाव्या मेंदूला उजव्या कानाकडून वर्दी पोंचते, तेव्हां उजव्या कानांत कापसाचा बोळा घालून निजावें, असा सिद्धान्त काढण्याची घाई मात्र कोणी करूं नये. निष्कर्ष काढावयाचा तो साधा आहे. ज्याची महत्त्वाची भेट, परीक्षा किंवा व्याख्यान सकाळीं असेल त्यानें शक्य तर एक रात्र अगोदर पोंचावें. आणि चार दिवसांत चार शहरें पाहण्याची ज्याला हौस असेल त्यानें चार ‘पहिल्या रात्री’ पदरांत घेतल्या आहेत हें ओळखून असावें. पुष्कळ अनुभवी प्रवासी घरच्या उशीचा वापरलेला अभ्रा बरोबर नेतात व तो तेथल्या उशीवर चढवितात. अभ्र्याला वजन नाहीं, आणि अंधारांत नाकाला ओळखीची एक खूण पटते. वळकटीपैकीं एवढेंच काय तें आतां शिल्लक उरलें आहे म्हणाना.

आणखी एक अपराधी असा आहे कीं, त्याचा गुन्हा नेहमीं अंथरुणाच्या माथीं मारला जातो. तो म्हणजे घड्याळ. तोक्योचें घड्याळ आपल्यापुढें साडेतीन तास आहे. तेथें रात्रीं दहाला दिवा मालवला तेव्हां मुंबईंत साडेसहा वाजलेले असतात. दिवेलागणीच्या वेळीं झोंप कोणाला येणार? उलट हिवाळ्यांत लंडनला रात्रींचे दहा वाजतात तेव्हां इकडे पहांटेचे साडेतीन झालेले असतात. मनुष्य पडतांच घोरूं लागतो आणि तेथल्या अडीच-तीन वाजतां टक्क जागा होतो, कारण घरीं आठ वाजून गेलेले. शरीर नव्या वेळेशीं दर दिवसाला सुमारें एक तास या गतीनें जुळतें. गादी मऊ कीं कठीण याचा न्यायनिवाडा त्यानंतर करावा हें बरें.

पहारेकरी आणि घड्याळ यांचा भाग वजा केल्यावर जें उरतें तें खरें अंथरुणाचें दुखणें. आणि तेथें बहुधा असें दिसतें कीं, अंथरूण वाईट नसतें. तें कसें वापरावयाचें हेंच पाहुण्याला ठाऊक नसतें. प्रत्येक देशाचें अंथरूण त्या देशाच्या थंडीला, दमटपणाला आणि घराच्या बांधणीला दिलेलें उत्तर असतें. त्याची रीत तेथल्या मुलाला आईनें न बोलतां शिकविलेली असते. जी गोष्ट सर्वांनाच येते ती पाहुण्याला सांगावी असें कोणाच्या मनांतहि येत नाहीं, आणि पलंगावर निजावें कसें हें विचारावयाची पाहुण्याला लाज वाटते. परक्या अन्नाविषयीं चौकशी करणारा मनुष्य सुज्ञ ठरतो. परक्या अंथरुणाविषयीं चौकशी करणारा अडाणी ठरेल असें उगाच वाटतें.

इंग्लंड-अमेरिकेंतील जुन्या पद्धतीच्या पलंगावर ही लाज किती महाग पडते पहा. आपल्याकडे गादीवर चादर ताणून घालतात, वर पलंगपोस पसरतात आणि पांघरुणाची घडी पायथ्याशीं ठेवतात. ही व्यवस्था डोळ्यांत बसलेला मराठी गृहस्थ डिसेंबर महिन्यांत तेथील खोलींत शिरतो. पलंग गुळगुळीत. पायथ्याशीं घडी नाहीं. तो कपाट उघडून पाहतो, तेथेंहि कांहीं नाहीं. मग हा शिष्ट लोकांचा देश पांघरुणाशिवायच निजतो अशी मनाची समजूत घालून तो पलंगपोसावर आडवा होतो. मध्यरात्रीं अंगावर कोट घेतो, पहांटे आंघोळीचा टॉवेल घेतो, आणि सकाळीं ‘झोंप कशी काय लागली?’ या प्रश्नाला ‘उत्तम’ म्हणून उत्तर देतो. पांघरूण रात्रभर त्याच्या अंगाखालीं असतें! खालची चादर, वरची चादर आणि तिच्यावर कांबळें असे तीन थर घालून वरच्या दोहोंच्या कडा पायथ्याशीं व दोन्ही बाजूंनीं गादीखालीं घट्ट खोंवलेल्या असतात. उशाकडून हे थर मोकळे करावयाचे आणि पाकिटांत पत्र सरकवावें तसें दोन चादरींच्या मधें शिरावयाचें, ही त्याची रीत. हा प्रकार इतक्या जणांच्या वांट्याला आलेला आहे कीं, परदेशीं राहून आलेल्या मंडळींच्या बैठकींत कोणी एकानें धीर करून तो कबूल केला म्हणजे आणखी दोघे-तिघे हळूच आपलीहि कथा सांगूं लागतात.

वरची चादर टाकून नुसतें कांबळें लपेटून घेण्याचाहि मोह कित्येकांना होतो, तो मात्र टाळावा. चादरी प्रत्येक पाहुण्यागणिक धुतल्या जातात. कांबळ्याला तो मान क्वचितच मिळतो. पायथ्याशीं खोंवलेल्या पांघरुणांत पाय जखडल्यासारखे वाटत असतील तर खालची बाजू खुशाल ओढून मोकळी करावी. त्यांत यजमानाचा अपमान नाहीं.

जर्मनी, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंड या बाजूला गेलें कीं हा सारा थाट बदलतो. तेथें खोंवलेलें कांहींच नसतें. गादीवर एक चादर, आणि वर पिसांनीं फुगलेली, ढगासारखी दिसणारी एक दुलई. या दुलईनें परदेशी पाहुण्यांत पूर्वींपासून दोन पक्ष पाडलेले आहेत. फ्रेंच ग्रंथकार मोंतेन्य इ. स. १५८० मध्यें जर्मनीच्या मार्गानें इटलीकडे जात असतां कॉन्स्टन्स सरोवराच्या कांठच्या लिंडाउ गांवीं उतरला होता. मूतखड्याच्या व्यथेनें पीडलेला हा सत्तेचाळीस वर्षांचा मनुष्य. आपल्या घरचें पांघरूण मागण्याचा अधिकार त्याला खास होता. परंतु ज्या देशांत जावें त्या देशाच्या रीतीनें राहून पाहावें असा त्याचा बाणा असल्यामुळें त्यानें पिसांची दुलई मुद्दाम अंगावर घेऊन पाहिली, आणि ती हलकीहि आहे व उबदारहि आहे अशी तिची तारीफ त्याच्या प्रवासाच्या रोजनिशींत नमूद झाली. त्यानंतर दोनशें अठरा वर्षांनीं, इ. स. १७९८ मध्यें, इंग्रज कवि कोलरिज जर्मनींत आला. खालींहि पिसें आणि वरहि पिसें हा प्रकार त्याला इतका असह्य झाला कीं, त्यापेक्षां स्वतःचें कांबळें जवळ बाळगून हिंडणें पत्करलें, असा त्याचा सूर होता. म्हणजे वळकटीची आठवण केवळ मराठी माणसालाच होते असें नाहीं. गंमत अशी कीं, ज्या इंग्लंडच्या कवीनें ही तक्रार केली त्याच इंग्लंडांत, इ. स. १९६४ मध्यें टेरेन्स कॉनरन यानें लंडनमध्यें हॅबिटाट नांवाचें दुकान उघडल्यानंतर, ही दुलई हौसेनें विकली जाऊं लागली, आणि आज तेथल्या बहुतेक घरांतून खोंवलेल्या कांबळ्यांना तिनें जवळजवळ हद्दपार केलें आहे.

मोंतेन्यला जी सुखाची वाटली ती कोलरिजला जाचक कां व्हावी? स्वभावभेद सोडला तरी त्यांत थोडें शास्त्रहि आहे. पिसांच्या दुलईंतली ऊब पिसांची नसते. पिसांनीं कोंडून धरलेल्या हवेची असते, आणि ती हवा तापविण्याचें काम निजणाऱ्याच्या अंगाला करावें लागतें. म्हणून पहिलीं पांच मिनिटें ती गार लागते. थंडीच्या भीतीनें स्वेटर, मफलर आणि पायमोजे चढवून आंत शिरलेला प्रवासी प्रथम कुडकुडतो, मग तासाभरानें घामानें थबथबतो, दुलई लाथाडतो, आणि घाम वाळतांना पुन्हां गारठतो. रात्रभर हाच खेळ. झोंप लागावयाची तर शरीराच्या अंतर्भागाची उष्णता किंचित् उतरावी लागते, आणि ती उतरते हातापायांच्या वाटेनें. पावलें ऊबदार असलीं, म्हणजे तेथल्या रक्तवाहिन्या मोकळ्या झाल्या, कीं झोंप लवकर लागते असें स्वित्झर्लंडमधील संशोधकांनीं इ. स. १९९९ मध्यें दाखवून दिलें. तेव्हां अंगांत पातळ सुती कपडे, पायांत निजेपुरते मोजे, आणि उकडूं लागलें तर दुलई न झुगारतां एक पाय तेवढा बाहेर, ही युक्ति बहुतेकांना मानवते. दुलईच्या आंत चादर शोधूं नये. तिला उशीसारखा अभ्रा असतो आणि तोच धुतला जातो.

तेथील आणखी एक चाल आपल्याकडच्या जोडप्यांना प्रथम चमत्कारिक वाटते. पलंग जोडीचा असला तरी दुलया दोन असतात. ज्याची त्यानें घ्यावी. पांघरुणाच्या ओढाताणींत ज्यांच्या संसाराचीं अनेक वर्षें गेलीं आहेत त्यांनीं ही चाल घरीं आणण्यास हरकत नसावी. जर्मन उशी मात्र सर्वांना सोसत नाहीं. ऐंशी सेंटिमीटर लांब आणि तितकीच रुंद, आंत भुसभुशीत पिसें. डोकें ठेवावें तों तें तळाशीं जातें. ती मधोमध दुमडून मानेखालीं घ्यावी, किंवा एखादा टॉवेल गुंडाळून अभ्र्याच्या खालच्या कडेंत सरकवावा, म्हणजे मानेला टेंका मिळतो.

युरोपचें अंथरूण चुकलें तर एक रात्र जाते. जपानचें अंथरूण मात्र ज्याला कळलें त्याला तें कायमचें आवडूं लागतें, आणि ज्याला कळलें नाहीं तो दुसऱ्याच दिवशीं पाश्चात्य पद्धतीचें हॉटेल शोधूं लागतो. वास्तविक जमिनीवर निजणें ही आपल्या कित्येक घरांतली नित्याची गोष्ट. तरी जपानी पद्धतीच्या खाणावळीवजा उतारघरांत, ज्याला तेथें र्‍योकान म्हणतात तेथें, खोलींत पाऊल टाकतांच आपला माणूस बुचकळ्यांत पडतो. कारण खोलींत अंथरूणच नसतें. एक बुटकें मेज, बसावयाच्या चौकोनी गाद्या, भिंतींत चित्र किंवा फुलें ठेवण्याचा एक उंचवटा, बस्स. संध्याकाळीं पाहुणा जेवावयास किंवा स्नानास गेला कीं नोकर येतात, मेज बाजूला सरतें, भिंतींतील कपाटांतून गाद्या निघतात, आणि परत येऊन पाहावें तों बैठकीच्या खोलीचें शयनगृह झालेलें!

हें अंथरूण समजून घ्यावयाचें तर तळापासून सुरुवात केली पाहिजे. सर्वांत खालीं तातामी, म्हणजे भाताच्या पेंढ्याच्या दाबलेल्या थरावर एका जातीच्या लव्हाळ्याची चटई शिवून केलेला, सुमारें नव्वद सेंटिमीटर रुंद, एकशें ऐंशी लांब आणि पांचसहा सेंटिमीटर जाड असा तक्ता. खोलीची सारी जमीन याच तक्त्यांची. ती आपल्या शहाबादी फरशीसारखी निष्ठुर नसते. पायाखालीं किंचित् दबते. तिच्यावर ‘शिकिबुतोन’ ही खालची गादी, तिच्यावर चादर, आणि वर ‘काकेबुतोन’ ही दुलई. पेंढा, चटई आणि गादी हे तिन्ही मिळून एक अंथरूण होतें. नुसत्या गादीकडे पाहून ती पातळ आहे असें म्हणणें म्हणजे पलंगाच्या नवारीवरून गादी उचलून टाकून नवार बोंचते अशी तक्रार करणें. तातामीवर पादत्राण चालत नाहीं, सपाताहि नाहीं, आणि चाकांची पेटी त्याच्यावरून ओढीत नेणें ही यजमानाच्या काळजावरून ओढल्यासारखीच. भिंतींतल्या त्या उंचवट्यावर सामान ठेवण्याची चूकहि पुष्कळांकडून होते.

आणि उशी! जपानी उशींत पारंपरिक भरण असतें तें सोबा या धान्याच्या टरफलांचें. उत्तर हिंदुस्थानांत उपासाला जो कुट्टू चालतो तेंच हें धान्य. म्हणजे आपल्या म्हणींतला भुकेचा कोंडा येथें निजेच्या कामीं आला म्हणावयाचा. डोकें हलवलें कीं ती उशी कानाशीं खसखसते, आणि प्रथम तो आवाजच सावध मेंदूला पुरतो. परंतु टरफलें सरकून मानेचा आकार घेतात, त्यांच्या फटींतून हवा खेळते, आणि उन्हाळ्याच्या दमट रात्रीं ती कापसाच्या उशीहून थंड राहते. सावरीच्या मऊ उशीची संवय असलेल्यानें तिच्यावर हातरुमालासारखा टॉवेल दुहेरी घालून पाहावा. तरीहि जमलें नाहीं तर मऊ उशी मागावी; हल्लीं ती बहुतेक ठिकाणीं मिळते.

झोंपावयाच्या वेळीं घालण्यासाठीं ‘युकाता’ नांवाचा सुती झगा ठेवलेला असतो. त्याचा डावा पदर उजव्यावर यावा लागतो. उजवा पदर डाव्यावर घेतात तो प्रेताचा. त्याचप्रमाणें उत्तरेकडे डोकें करून निजणें जपानांत अशुभ समजतात, कारण मृताला तसें निजवितात, आणि त्या चालीचें मूळ कुशीनगरला उत्तरेकडे मस्तक करून पहुडलेल्या बुद्धाच्या महापरिनिर्वाणांत आहे असें मानलें जातें. दक्षिणेकडे पाय करून निजूं नको, म्हणून ज्याला आजीनें लहानपणीं उठवून फिरवून निजविलें असेल त्या मराठी प्रवाशाला सहा हजार किलोमीटरांहून दूर आल्यावर हा नियम पुन्हां भेटतो, आणि परक्या खोलीचें परकेपण एकदम कमी होतें.

आज हें सारें स्वच्छ व निर्धास्त आहे, पण नेहमींच तसें होतें असें नव्हे. इझाबेला बर्ड ही धाडसी इंग्रज बाई इ. स. १८७८ मध्यें उत्तर जपानांत एका दुभाष्यासह हिंडली. तिच्या सामानांत चादरी, कांबळें, हवेची उशी, आणि या सर्वांहून मोलाचा असा किंतानाचा घडीचा पलंग होता. पिसवांना इतक्या उंचीवर चढतां येणार नाहीं ही त्यामागची आशा. तोक्योहून निक्कोकडे जातांना पहिल्याच मुक्कामीं पिसवा, डांस आणि कागदी पडद्यांच्या भोंकांतून पाहणारे कुतूहलाचे डोळे यांनीं ती हैराण झाली, आणि त्यांतच तो मोलाचा पलंग फाटला. इतकें होऊनहि ती परत फिरली नाहीं. पुढचे कित्येक आठवडे ती वाट तुडवीत होक्काइदो बेटापर्यंत गेली, आणि इ. स. १८८० मध्यें प्रसिद्ध झालेल्या तिच्या ग्रंथांत त्या रात्रींचा वृत्तान्त तिनें कांहीं न लपवितां दिला आहे.

पिसवा गेल्या, पण ढेकूण मात्र नव्या जोमानें परत आले आहेत. दुसऱ्या महायुद्धानंतर डीडीटीनें ते पुष्कळ देशांतून जवळजवळ नाहींसे झाले होते. विसाव्या शतकाच्या अखेरीपासून त्यांचा पुन्हां प्रसार झाला, आणि हॉटेल भारी आहे एवढ्यावरून त्यांच्यापासून अभय मिळत नाहीं. खोलींत शिरल्यावर पेटी पलंगावर फेंकण्यापूर्वीं गादीच्या शिवणी आणि उशाकडच्या फळीचा मागचा भाग दिव्याच्या उजेडांत पाहावा. काळपट बारीक ठिपके दिसले तर खोली बदलून मागावी, आणि तीहि शेजारची नको. हें पाहणें दोन मिनिटांचें. घरीं आणलेला ढेकूण दोन वर्षें पुरतो.

कोरियाच्या अंथरुणाची गोष्ट निराळी. तेथें पांघरुणापेक्षां जमीनच ऊब देते. पूर्वीं स्वयंपाकाच्या चुलींतला धूर जमिनीखालच्या दगडी बोळांतून खेळवीत. आज बहुधा ऊन पाण्याच्या नळ्या असतात. चुलीजवळची जागा सर्वांत ऊबदार, म्हणून ती वडील माणसांना व पाहुण्यांना देत. पातळ अंथरूण मिळालें म्हणून तेथें कोणी खिन्न होऊं नये. जाड गादी घातली तर खालची ऊब वर यावयाचीच नाहीं. मेक्सिकोच्या युकातान भागांत पाहुण्याला झोळणा मिळतो. त्यांत लांबीच्या रेषेंत निजलें तर पाठीची कमान होते. तिरकें, कोंपऱ्याकडून कोंपऱ्याकडे निजलें तर कापड सपाट ताणलें जातें आणि पाठ सरळ राहते. एवढी एक गोष्ट कळली कीं झालें.

आतां ज्यांच्यासाठीं हा सारा विचार खरोखर महत्त्वाचा, ती मंडळी म्हणजे घरांतलीं वडील माणसें. परदेशांत स्थायिक झालेल्या मुलाकडे किंवा मुलीकडे प्रथमच गेलेल्या आईला तेथली खोली दाखविली जाते, जाड मऊ गादी दाखविली जाते, आणि सर्वजण आपापल्या खोल्यांत जातात. ती बिचारी गादींत रुतून बसते, कुशीवर वळतां येत नाहीं, पलंग उंच म्हणून रात्रीं उठतांना पाय जमिनीला टेंकत नाहींत, दिव्याचें बटण सांपडत नाहीं, आणि लेकाची झोंप मोडूं नये म्हणून ती कोणाला हांक मारीत नाहीं. सकाळीं कंबर धरून उठते व ‘हवा मानवत नाहीं’ म्हणते. मुलानें अशा वेळीं मान राखण्यासाठीं मऊ गादीचा आग्रह धरूं नये. खालीं गालिचावर दुहेरी दुलई, वर चादर आणि अंगावर सोलापुरी चादर अशी सोय तिला हवी असेल तर तींत कमीपणा कसला? ज्यांना गुडघ्यांमुळें जमिनीवरून उठणें जड जातें त्यांना मात्र उलट न्याय. जपानांत त्यांनीं आधींच पलंगाची खोली मागून घ्यावी. तसें न जमल्यास दोन गाद्या एकावर एक घालून घ्याव्या, उठतांना प्रथम कुशीवर वळावें, मग गुडघा रोवून बुटक्या मेजाचा आधार घ्यावा. पहिल्या रात्रीं दिवा मालवण्यापूर्वीं पलंगापासून मोरीपर्यंतची वाट एकदां चालून पाहणें आणि वाटेंत एक बारीक दिवा राहूं देणें, हें तरुणांनींहि करावें. परक्या घरांत रात्रीं अर्धवट झोंपेंत उठलेला मनुष्य घरच्याच संवयीनें डावीकडे वळतो, आणि तेथें भिंत असते.

सकाळचीहि एक रीत असते. इंग्रज घरांत पांघरूण निदान सारखें करून ठेवावें. जर्मन यजमानीणबाई खिडकी सताड उघडतात आणि दुलई झटकून खिडकींत टाकतात, थंडींतहि. जपानी उतारघरांत पाहुण्यानें दुलई मागें सारून ठेवली कीं पुरे, उरलेलें काम नोकर करतात. परंतु कोणाच्या घरीं उतरला असेल तर गादीची त्रिघडी करून ती कपाटांत ठेवण्यास त्यानें हात लावावा. रात्रभर अंगांतून निघालेला दमटपणा गादीच्या तळाशीं उतरतो, आणि ती तशीच पसरून राहिली तर खालच्या चटईला बुरा धरतो. म्हणून पावसानंतर स्वच्छ ऊन पडलें कीं ओसाकाच्या गल्लींतून सज्जासज्जांवर गाद्या वाळत पडतात, मोठाल्या चिमट्यांनीं कठड्याला धरून ठेवलेल्या, आणि कोठें कोठें वेताच्या थापटणीचा धप्‌ धप्‌ आवाज ऐकूं येतो. दसरा-दिवाळीच्या सुमारास पुण्याच्या गच्च्यांवर ऐकूं येतो अगदीं तसाच.